खोक्यांचा तिसरा थर

चाळीस फूट उंचीवरच्या खिडकीत लॉरेटा उभी होती. पाठीमागे गॅसच्या नळ्यांतून ज्वाळा फुसफुसत होत्या आणि नायिकेचा गुलाबी झगा तिला बावन्नाव्या वर्षी काखेत काचत होता. हॉलिवूडजवळच्या बर्बँकच्या स्टुडिओत लाखो डॉलर ओतून उभं केलेलं हे हॉटेल आज भूकंपानं पेटायचं होतं. नायिका खाली सावलीत गार सरबत पीत बसलेली. तिच्याऐवजी उडी मारायची लॉरेटानं. चालायचंच!

खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग, त्यावर गाद्या, आणि शेजारी तिचा नवरा ओर्विल. एकवीस वर्षं तिच्या प्रत्येक उडीखाली त्यानंच खोकी रचली. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. हल्ली मात्र त्याचे हात थरथरत. स्टंटचा प्रमुख रूडी सकाळीच म्हणाला होता, "लॉरेटा, हवेची गादी मागवतो. म्हाताऱ्याला घरी बसव आता."

"त्याची खोकी नसतील तर मीही नाही," ती फटकन म्हणाली. म्हणाली खरी, पण तिलाही ठाऊक होतं: खोकी चुकली तर तिची कंबर मोडणार, आणि खोकी नाकारली तर ओर्विल मोडणार.

दर उडीआधी ओर्विल गादीवर थाप मारून ओरडायचा, "ये घरी!" मगच ती पाय सोडायची. आज कॅमेरे सुरू झाले तरी तो थाप मारेना.

"थांब!" तो अचानक ओरडला. "लॉरेटा, उडी मारू नकोस!"

"आता काय झालं, बाबा?" दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "ऊन उतरत चाललंय!"

"तिसऱ्या थराला मी चिकटपट्टी लावलीय." ओर्विलनं गादीखाली बोट दाखवलं. "झाकणं हातानं मुडपेनात. कुणाला कळू नये म्हणून चिकटवून टाकली."

खोक्यातली हवा झाकणांतून सुटली पाहिजे; चिकटवलेलं खोकं म्हणजे दगडच. सेटवरच्या शंभर माणसांसमोर ओर्विलची मान खाली गेली. रूडीनंही नजर फिरवली.

लॉरेटा शिडीवरून धडाधड उतरली. "गाढवा, मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर दुसऱ्याला बोलावलं असतंस."

"मी तुझे हात बघून कधी उडी मारली रे? तुझं तोंड बघून मारते."

रूडी हळूच म्हणाला, "गादी मागवू?"

"नको. शंभर लोकांत स्वतःची चूक ओरडून सांगतो, त्याच्याच खोक्यांवर मी पडणार. तू फक्त या गाद्या उचल."

दिग्दर्शक चरफडत राहिला आणि इकडे ती दोघं गुडघ्यांवर बसली. चिकटपट्ट्या ओरबाडून काढल्या, आणि तिनं त्याच्या हातांवर हात ठेवून एकेक झाकण मुडपलं. त्याची थरथर तिच्या मनगटांपर्यंत येत होती. तिला रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

पुन्हा गाद्या, पुन्हा खिडकी, पुन्हा ज्वाळा. ओर्विलनं थाप मारली. "ये घरी!"

तिनं पाय सोडले. खोकी फस्सकन दबली, आणि टाळ्यांच्या आधी ओर्विलच पुठ्ठ्यांत घुसला.

"लागलं का गं कुठे?"

"भूक लागलीय."

तो हसला, तिला उभं केलं आणि तिचा हात न सोडता रूडीकडे वळला. "उद्या तुझी ती हवेची गादी आण रे. पण थाप मात्र मीच मारणार."