नवरदेवाच्या खुर्चीत कॅप्टन झंझावात

अपूर्वने कॅप्टन झंझावातला दोन्ही हातांनी वर उचललं आणि मान वाकडी करून त्याच्या बुडाखाली पाहिलं.

"काका, खाली काहीच नाही."

"खाली पाट आहे," परशुराम आठल्ये म्हणाले.

"पाट नाही हो. होलोग्राम. नंबर असतो ना, इतक्या हजारांतली इतकावी."

"नंबर कशाला? एकच आहे."

"आणि ह्याचं खोकं?"

"खोकं नाही. मांडीवर घेऊन आलो. रिक्षावाला खड्ड्यांतून जपून आला, बिचारा."

अपूर्वने कॅप्टनला नावनोंदणीच्या टेबलावर ठेवलं. सिनेमा, मालिका आणि व्हिडिओ गेममधल्या वीरांच्या मूर्ती जमवणाऱ्या रत्नागिरीकरांचं हे पहिलंच प्रदर्शन, आणि अपूर्व त्याचा प्रमुख होता. त्याच्या मागे मंगल कार्यालयाच्या सभागृहात टेबलांच्या रांगा होत्या. टेबलांवर लग्नातल्या जेवणावळीचे सॅटिनचे कपडे होते आणि कपड्यांवर खोकी. मोठी, चकचकीत, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. प्रत्येक खोक्यावर आतल्या वीराचा फोटो होता. वीर आत होते.

"रागावू नका काका, पण असल्या नकली मालाला आमच्यात बूटलेग म्हणतात."

"आमच्यात ह्याला कॅप्टन म्हणतात."

"कंपनीचा ओरिजिनल पीस लागतो. तसा नियमच आहे. नाहीतर उद्या कोणीही घरी केलेलं काहीही घेऊन येईल."

"येऊ दे की. बघायला बरं वाटेल."

अपूर्वला हसू आलं, पण ते त्याने पदाला शोभेल इतपतच येऊ दिलं. तो आठल्यांच्या शेजारच्याच घरातला. लहानपणी सुट्टीत दुपारभर काकांच्या कपाटापुढे फतकल मारून बसायचा आणि एकेक वीर बाहेर काढून जमिनीवर लढाईला लावायचा. आता तो घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करत होता आणि खोलीच्या तीन भिंती छतापर्यंत खोक्यांनी भरल्या होत्या. त्याच्याकडे उत्तम संग्रह आहे असं सगळे म्हणत. संग्रह कोणी पाहिला नव्हता.

परशुरामपंतांची अडचण नियमाची नव्हती. त्यांची अख्खी नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत गेलेली, नियमांशी त्यांचं घरोब्याचं नातं होतं. अडचण अशी होती की त्यांनी आठवड्यापूर्वीच देवरूखकडच्या आपल्या गावी परतलेल्या मूर्तिकाराला, भागोजी घवाळीला, फोन करून सांगून टाकलं होतं, "तुमची मूर्ती प्रदर्शनात मांडतायत. बघायला या." ऐंशीच्या घरातला भागोजी सकाळच्या एसटीत बसला होता आणि परशुरामपंतांच्या पत्नी, सुमेधाताई, त्याला उतरवून घ्यायला स्टँडवर गेल्या होत्या. आता फोन करून 'मांडत नाहीत' असं सांगणं शक्य नव्हतं. भागोजीकडे मोबाइल होता, पण तो बाहेर पडताना हरवू नये म्हणून घरी ठेवून निघत असे.

टीव्ही गावात नवा होता तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी कॅप्टन झंझावातची मालिका लागायची आणि अर्धी आळी आठल्यांच्या ओटीवर जमायची. कॅप्टन दुष्टांचा नायनाट करी, म्हणजे आवाजावरून तसं वाटे. पडद्यावर बहुतेक वेळ मुंग्याच असत. परशुरामपंत तेव्हा नोकरीत कायम झालेले, लग्न झालेले गृहस्थ होते आणि त्यांना कॅप्टनची मूर्ती हवी होती. ती रत्नागिरीत मिळेना. मुंबईला चुलतभावाला विचारलं, तर तो म्हणाला, "परशा, बरा आहेस ना?"

त्या काळी हा छंद असाच चाले. कोणाच्या तरी बॅगेतून सातासमुद्रांचा प्रवास करून एखादा परदेशी राक्षस यायचा, त्याचा पाय मोडलेला असायचा. तो डिंकाने चिकटवायचा, उडालेला रंग नेलपॉलिशने भरायचा आणि कपाटात उभा करायचा. ह्याला संग्रह म्हणतात हे कोणाला ठाऊक नव्हतं. पाहुणे 'खेळणी' म्हणत, सुमेधाताई 'खूळ' म्हणत.

शेवटी परशुरामपंत मागच्या गल्लीत भागोजीच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, गेले. आठल्यांचा गणपती भागोजीच करी आणि विसर्जनाला तो पाटासकट डोक्यावर घेऊन मांडवीच्या समुद्रापर्यंत नेईही भागोजीच. त्याने एका रविवारी येऊन ओटीच्या दारातून मालिका पाहिली. मुंग्यांमधून त्याला एक उपरणं उडताना दिसलं. "समाजला मना," असं म्हणून तो गेला, आणि उरलेल्या शाडूचा त्याने कॅप्टन केला.

कॅप्टन गोरागुलाबी झाला. उडत्या झग्याला जरीचा काठ आला. पोट, म्हणाल तर, किंचित सुखवस्तू. उजवा हात मूठ वळून उगारलेला हवा होता, तो भागोजीच्या सवयीने उघडा राहिला, आशीर्वाद दिल्यासारखा. डाव्या तळव्यात मोदकाएवढा खळगा. आणि डोळ्यांची आखणी भागोजीला एकच येत होती. त्यामुळे दुष्टांचा कर्दनकाळ असा हा वीर गेली तीस-पस्तीस वर्षं समोरच्याकडे 'जेवून आलास का' अशा नजरेने पाहत होता.

कच्च्या मातीची मूर्ती कोकणातल्या पावसाळ्यात टिकत नाही. परशुरामपंतांनी कपाटात बल्ब बसवला आणि दरवर्षी मृगापासून दसऱ्यापर्यंत तो रात्रंदिवस जळत ठेवला. एकदा झग्याचं टोक तुटलं तेव्हा सुमेधाताई म्हणाल्या होत्या, "भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत."

"ती देवाची."

"मग ह्याचे डोळे कोणाचे आहेत?"

परशुरामपंतांनी टोक चिकटवलं आणि बल्ब जास्त वॅटचा आणला.

तर आता सभागृहात उभं राहून त्यांनी शांतपणे चारी बाजूंना पाहिलं. मग कॅप्टनला पाटासकट उचललं, टेबलांच्या मधून चालत गेले आणि स्टेजच्या तीन पायऱ्या चढले. तिथे रात्रीच्या रिसेप्शनसाठी लाल मखमलीच्या, सोनेरी पाठीच्या दोन खुर्च्या आधीच मांडलेल्या होत्या. नवरदेवाच्या खुर्चीत त्यांनी कॅप्टन ठेवला. शेजारच्या खुर्चीत स्वतः बसले.

सगळ्या सभागृहाचं तोंड आपोआप तिकडे वळलं. खुर्च्या त्याचसाठी केलेल्या असतात.

अपूर्व धावत आला. "काका, तिथे नका ना ठेवू."

"का रे?"

"प्रदर्शनात बसत नाही म्हटलं ना."

"प्रदर्शनात कुठे ठेवलाय? टेबलं तुमची. तुमची हद्द त्या शेवटच्या टेबलापाशी संपते. ही खुर्ची कार्यालयाची."

"पण लोक इथेच बघतायत."

"नजरेला हद्द नसते. मोजणीत ते येत नाही."

मोजणीच्या कचेरीत राहून माणूस एक गोष्ट शिकतो. कागद कोणाच्याही बाजूने असो, जो बांधावरून उठत नाही त्याच्याशी अखेर तडजोड करावी लागते. परशुरामपंत मांडीवर हात ठेवून बसून राहिले. मुलांचा एक घोळका स्टेजपाशी आला. कोणीतरी कॅप्टनचा फोटो काढला. मग त्याच्या शेजारी उभं राहून काढला. खोक्यांपाशी असा उत्साह नव्हता, कारण खोक्यावर फोटो आधीच होता.

थोड्या वेळाने अपूर्व एक छापील कार्ड घेऊन परत आला. "हे बघा काका, मी मधला मार्ग काढलाय. एक वेगळा वर्ग करू. कार्ड लावतो."

कार्डावर लिहिलं होतं: कस्टम पीस. निर्माता अज्ञात.

परशुरामपंतांनी चष्मा लावून ते वाचलं आणि परत दिलं.

"नाही लावायचं."

"आता काय झालं?"

"अज्ञात एसटीने येतोय."

अपूर्व काही बोलणार तोच अज्ञात आलाच. डोक्यावर पांढरी टोपी, हातात कुळथाची पिशवी, बरोबर सुमेधाताई. टेबलांच्या मधून येताना भागोजी प्रत्येक खोक्यापाशी थांबत होता.

"वयनी, ह्यो माल कुटं पाटवायचा हाय?"

"कुठे नाही हो. असाच ठेवतात."

"खोलत नाय?"

"खोललं की किंमत जाते म्हणे."

भागोजीने ह्यावर विचार केला. "मंग आत हाय ह्ये कशावरनं?"

टेबलामागच्या तरुणाने आपलं खोकं जरासं उचलून हलवून पाहिलं.

मग भागोजीची नजर स्टेजकडे गेली. त्याने पिशवी सुमेधाताईंच्या हातात दिली, चपला पायरीपाशी काढल्या आणि वर चढला. कॅप्टनपुढे उभा राहिला.

"ह्यो अजून हाय?"

"आहे," परशुरामपंत उठून उभे राहिले.

"पावसाचा वारा लागला नाय?"

"बल्ब लावतो."

भागोजीने वाकून बारकाईने पाहिलं. मोठ्या कौतुकाने नव्हे, चूक शोधावी तसं. "मोदकाची जागा ऱ्हायली की वो, भाऊ."

"राहू दे."

"डोलं बी देवाचंच झालंत. नातवानं मोबाइलवर दावला ना मना ह्यो कॅप्टन. लय रागीट हाय. कुंचला असंल तर द्या, आत्ता करून देतो."

"हात लावायचा नाही, भागोजीदादा."

"माजीच मूर्ती हाय."

"होय. म्हणूनच लावायचा नाही."

आजारी माणसाची चौकशी करावी तशा हळू आवाजात भागोजीने विचारलं, "बुडवनार कदी?"

"नाही बुडवणार."

"आसं कसं? ठेवायची येक मुदत आसते, भाऊ. माजे समदे येलच्या येली गेले. पाच दिसांत, सात दिसांत. कवडा मोठा करा नायतर ल्हान. येक बी मागं ऱ्हायला नाय." तो पुन्हा कॅप्टनकडे वळला. "ह्यो येकटाच ऱ्हायला."

"हो. राहिला."

अपूर्व हे ऐकत खालच्या पायरीवर उभा होता. हातातलं कार्ड त्याने एकदा वाचलं, उलटं केलं आणि खिशातून पेन काढलं.

"आजोबा, तुमचं पूर्ण नाव काय?"

"कशाला?"

"इथे लिहायला."

"मूर्तीवर नाव घालत नाय आमी. पान्यात जानार, वाचनार कोन?"

"हा जाणार नाही," परशुरामपंत म्हणाले. "लिही रे. भागोजी सखाराम घवाळी."

अपूर्वने लिहिलं. मग थोडं थांबून त्याखाली 'स्वतः हजर' असं लिहिलं आणि कार्ड पाटाला टेकवून उभं केलं. भागोजीला वाचता येत होतं. त्याने ते दोनदा वाचलं आणि टोपी सारखी केली.

दुपार कलल्यावर कार्यालयाचा माणूस फुलांच्या माळा घेऊन आला आणि खुर्ची मागू लागला. नवरदेव खरा होता, त्यामुळे परशुरामपंतांनी हरकत घेतली नाही. खाली खोकी मोठ्या खोक्यांत भरली जात होती.

"काका, कॅप्टनसाठी एक चांगलं खोकं करून घेऊ का?" अपूर्वने विचारलं.

"नको. त्याला बाहेरचं बघायची सवय आहे."

कॅप्टनला उचलायला परशुरामपंत वाकले, पण भागोजीने आधीच टोपी काढून खिशात घातली होती आणि डोक्यावर पंचाची चुंबळ ठेवली होती. "द्या."

"अहो, रिक्षा बोलावतो. वय काय तुमचं."

"द्या म्हंतो ना."

पाट डोक्यावर बसला तशी भागोजीची पाठ सरळ झाली. तिघे बाहेर रस्त्यावर आले. पुढे भागोजी, त्याच्या डोक्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला आशीर्वाद देणारा कॅप्टन, मागे परशुरामपंत आणि कुळथाची पिशवी घेतलेल्या सुमेधाताई. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याने वेग कमी केला, एक हात छातीशी नेला आणि मग काहीतरी चुकल्यासारखं वाटून मागे वळून पाहिलं.

चौकात डावीकडचा रस्ता मांडवीच्या समुद्राकडे उतरतो आणि उजवीकडचा आठल्यांच्या आळीत जातो. भागोजी न थांबता डावीकडे वळला. पायांना तेच ठाऊक होतं.

परशुरामपंत चार पावलं पुढे झाले आणि त्यांनी त्याचा कोपर धरला.

"इकडे, भागोजीदादा."

भागोजी थांबला. डोक्यावरचा पाट त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला, जागच्या जागी सावकाश वळला आणि उजवीकडच्या चढाला लागला.