भुरीच्या पोटावरची चाई

मित्रांनो, मी एक जुनीजाणती मांजर आहे आणि माझं नाव भुरी. मध्यंतरी मात्र माझ्या पोटावर भुरं काय, कुठल्याच रंगाचं काही उरलं नव्हतं. त्या दिवसांची ही गोष्ट आहे. ऐकताना हसलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म रेणापूरजवळच्या एका खेड्यात, कडब्याच्या गंजीत झाला. साखराबाईंनी मला पदरात घालून घरात आणलं आणि ज्वारीची पोती माझ्या ताब्यात दिली. उंदरांशी माझं कधीच पटलं नाही, त्यामुळे काम चोख व्हायचं. साखराबाई ओसरीवर सूप घेऊन बसल्या की मी त्यांच्या मांडीला टेकून बसे. "भुरी हाय म्हून दाणा शिल्लक हाय," असं त्या शेजारणींना सांगत. आम्हा मांजरांना कौतुक फार आवडतं. आम्ही फक्त तसं दाखवत नाही.

पुढे साखराबाईंचे गुडघे धरले. त्यांचा मुलगा हनुमंत नांदेडला रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला आहे. तो त्यांना न्यायला आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "भुरी संगं आसंल तर येते." मग मला डालग्यात कोंबून एसटीत बसवलं. मी वाटभर असा गळा काढला की कंडक्टरने कानाला रुमाल बांधला.

नांदेडचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार सदा बंद, फरशी चकचकीत आणि उंदीर औषधालाही नाही. सून गीतांजली कंधारची, मनाने फार चांगली. साखराबाई उठू लागल्या की ती म्हणे, "आत्याबाई, तुमी बसा. जन्मभर केलंत की." धान्यसुद्धा निवडलेलं, पाकिटातून यायचं. म्हणून साखराबाई पलंगावर बसून राहिल्या आणि मी खिडकीत.

मला तिथे भीती वाटायची. खाली गाड्या, जिन्यात अनोळखी पावलं, आणि जाणार कुठे? मग मी अंग चाटायला लागले. तसं चाटणं हे आमच्या घराण्याचं वळण आहे, पण एकदा स्वच्छ झालेलं अंग मी पुन्हा चाटू लागले आणि मग परत. चाटत असेपर्यंत बरं वाटायचं. थांबले की भीती पुन्हा जागेवर हजर. आमच्या जिभेला बारीक काटे असतात, मित्रांनो. आधी पोटावरचे केस गेले, मग मांड्यांच्या आतले.

"अगं बया, हिला चाई लागली!" गीतांजली ओरडली. चाई म्हणजे केस खाणारा रोग, असा आमच्याकडचा पक्का समज. साखराबाईंनी करडईच्या तेलात कडुनिंबाचा पाला कढवला आणि रोज माझ्या पोटाला चोळू लागल्या. आता तुम्हीच सांगा, मांजराच्या अंगाला तेल लावलं तर ते काय करील? चाटूनच काढील ना! मी चाटलं की टक्कल वाढे, टक्कल वाढलं की तेल वाढे. वर मला उलट्याही होऊ लागल्या. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं चाललं होतं.

घरात हनुमंताची लहानगी लेक सुकन्या होती. ती मला कवटाळायची. एके दिवशी हनुमंत म्हणाला, "माय, ही खरूज लेकराला लागली म्हंजी? मी उद्या हिला बाजारात सोडून येतो."

साखराबाईंनी मला पदराखाली घेतलं. मी घाबरले होते. गीतांजलीच म्हणाली, "आधी डॉक्टरला दाखवू. लागण आसंल तर मग बघू."

दवाखान्यातल्या डॉक्टर पुनमताईंनी बारीक फणीने पिसवा शोधल्या, निळ्या दिव्याचा उजेड पाडून कातडी पाहिली, चार केस काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. मी त्यांना एकदा ओरबाडलं, रीत म्हणून.

"लागण नाही," त्या म्हणाल्या. "केस गळलेले नाहीत, चाटून मोडलेत. मुळं शाबूत आहेत."

"म्हंजी बूड हाय," साखराबाई म्हणाल्या. "फुटंल मंग."

"फुटेल. पण आजी, तेल बंद करा. मांजराच्या अंगाला लावलेलं सगळं त्याच्या पोटात जातं."

साखराबाईंचा चेहरा उतरला. "म्या तर मायेनं लावून राहिले होते, बाई."

"ते दिसतंय. ही कधीपासून एवढी चाटते?"

"इथं आणल्यापासून," हनुमंत म्हणाला.

"मग तिला इथं करमत नसेल. चाटताना तिला रागावू नका. तिच्याशी खेळा, तिला काही उद्योग द्या. महिन्याने पुन्हा दाखवा. फरक नसला तर आणखी तपासू."

घरी आल्यावर गीतांजली पलंगावर सासूच्या शेजारी टेकली.

"आत्याबाई, तुमाला करमतं का हो इथं?"

साखराबाई माझ्या उघड्या पोटाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "न्हाई, पोरी. लई न्हाई करमत."

"मग बोलल्या काहून न्हाईत?"

"काय बोलू? तू बसा म्हणत व्हतीस, मायेनं."

दोघी रडल्या. मला रडता येत नाही, म्हणून मी दोघींच्या मध्ये जाऊन बसले.

त्या आठवड्यात गीतांजलीने मुद्दाम खड्यांची तूर आणली. साखराबाई गॅलरीत सूप घेऊन बसल्या. त्या खडा टिचकीने उडवत आणि मी त्याच्यामागे धावे. घरभर फोलपटं झाली. गीतांजली झाडता झाडता कुरकुरते, पण पुढची तूर तीच आणते. हनुमंताने बाजाराचं नाव पुन्हा काढलं नाही. पोटावर आधी मऊ लव आली, मग केस. मांड्या अजून विरळच आहेत. फटाके वाजले की मी अजूनही चाटत बसते, आणि मला कुणी रागावत नाही.

मित्रांनो, एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातलं मांजर सारखं चाटू लागलं तर तेल लावू नका, त्याला डॉक्टरकडे न्या. आणि गावाहून आणलेलं कुणी माणूस कोपऱ्यात गप्प बसलं असेल, तर त्याला 'करमतं का' म्हणून विचारा. पहिल्यांदा ते 'हाव, करमतं' म्हणेल. तेवढ्यावर उठून जाऊ नका.