पंपघराची भिंत

बागेच्या फेरीला मी गेले ती केवळ धाकट्या बहिणीसाठी. नाहीतर या कुरकुरत्या गुडघ्यांनी कमरेएवढं गवत तुडवायची हौस कुणाला? ओसाड पडलेली बाग पुन्हा उभी करायची म्हणून वस्तीतल्या वीसेक जणांनी कंबर कसली होती. पुढे भोंगा घेऊन कॅशियरसाहेब. निवृत्त झाले, तरी माणसं रांगेत उभी करायची खोड जात नाही.

धाकटीची मुलगी भिंगरी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. तेव्हापासून धाकटी या बागेकडे फिरकलीसुद्धा नव्हती. आज मात्र तिला पंपघराची भिंत बघायची होती. भाड्याच्या खोलीत भिंतीवर ओरखडा उठलेला घरमालकाला खपत नसे, म्हणून भिंगरीचा बाप दर वाढदिवसाला तिला इथे उभी करी आणि डोक्यालगत किल्लीने रेघ ओढी.

"ताई, शेवटच्या रेघेवर फक्त एकदा हात ठेवते," धाकटी वाटेत म्हणाली. "दुसरं काही नको मला."

भाऊजी मागून येत होते. ते रंगारी. एरवी बोलून बोलून डोकं खातात, आज तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, त्यांनाही जड जातंय.

मोडकी घसरगुंडी ओलांडून वळलो, तर समोर पंपघर, पांढरंशुभ्र.

"टाळ्या!" भोंगा गरजला. "आपल्या रंगारीदादांनी काल एकट्याने रंगवलं!"

टाळ्या झाल्या, रांग पुढे गेली. आम्ही तिघं मागे राहिलो. धाकटी भिंतीवरून तळवा फिरवत होती, रंगाखाली कुठे रेघ लागते का ते चाचपत. भिंत गुळगुळीत होती.

"तू येणार म्हणालीस," भाऊजी पुटपुटले. "तुला ते बघवलं नसतं गं."

"आत असतील ना त्या? रंगाखाली?"

"खरवडून, पुट्टी भरूनच रंग लावतो मी."

असा संताप आला मला! चांगलं फैलावर घेणार होते, पण त्यांचा चेहरा पाहिला.

धाकटीने त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली. भिंतीशी हात आडवा धरला. "इथवर होती."

"नाही गं, जरा वर." भाऊजींनी आपला हात चार बोटं वर धरला.

"मला मिठी मारायची तेव्हा डोकं इथे लागायचं."

"माझ्या खिशाला लागायचं. तो इथे येतो."

दोघंही माझ्याकडे वळले. "ताई, तू सांग," धाकटी म्हणाली. "तिचे सगळे फ्रॉक तूच शिवलेस."

शिवले होते. पण वाढत्या अंगाची पोर म्हणून प्रत्येक फ्रॉक मी मुद्दाम मोठाच बेतला. पुढच्या वर्षीही व्हावा म्हणून. तिचं नेमकं माप मी कधी घेतलंच नव्हतं.

धाकटी किल्ली धरून उभी होती.