नवसाला न पावलेली जास्वंद

या मित्रांनो, या. असे लांब उभे राहू नका, सावलीत सरकून बसा. मागच्यांनी टाळ खाली ठेवा, पुढच्यांनी मोबाइल. बाप्पाच्या दारात घडलेली एक गोष्ट सांगते. हसू आलं तर मोकळेपणी हसा. डोळ्यांत पाणी आलं तर माझ्या बुंध्याशी टिपा. मला पाण्याची गरज असतेच.

मी एक जुनी जास्वंद आहे. ढाणकीच्या गणपती मंदिराच्या अंगणात, पायऱ्यांच्या डाव्या हाताला माझं घर. कोणीतरी एक ओली काडी मातीत खोचली आणि मी झाले, एवढाच माझा जन्म. माझं फूल लालभडक, पण आयुष्य एका दिवसाचं. तोही पुरता कोणाच्या वाट्याला येतो? उजाडायच्या आत फिरायला निघालेली मंडळी येतात आणि देवाच्या नावानं माझं रोज मुंडण करतात. त्यांत सर्वांत पुढे तानाबाई. त्यांचे गुडघे असे वाजतात की बाई वेशीत असतानाच मला कळतं, फुलं गेली! पण आकड्याच्या काठीनं शेंड्यावरचं फूल उतरवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. तोडतातही मोठ्या मायेनं. फांदी कधी मोडली नाही.

रस्त्यापलीकडे नासिरभाऊंचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यांची मुलगी निलोफर यवतमाळला वनस्पतिशास्त्र शिकते. या दिवाळीनंतर ती एक भिंग घेऊन माझ्यासमोर आली आणि माझ्या गोतावळ्याचा शोध लागला. मित्रांनो, मला वाटायचं मी एकटी. तर शेतातली पऱ्हाटी म्हणजे कपाशी, भेंडी आणि अंबाडी या माझ्या बहिणी निघाल्या! एकाच कुळातल्या. आमच्या चौघींच्या फुलांत अँटिऑक्सिडंट नावाचा गुण कोणाकडे जास्त, हे तिला मोजायचं होतं.

"म्हंजे काय वो बेटा?" नासिरभाऊंनी चेन धुता धुता विचारलं.

"अब्बा, लोखंडाले जंग लागते ना, तसंच आपल्या शरीराचंबी आतून नुकसान होत राह्यते. फुलातला हा पदार्थ मधात पडते अन् ते नुकसान स्वतःवर ओढून घेते."

"मंग सरळ ग्रीस म्हण ना! एवढं लंबं नाव कायले?"

मी ग्रीस आहे हे ऐकून माझी मान खाली गेली, पण ते असो.

मंदिराचा कारभार पाहणाऱ्या भगवानरावांनी तिला आनंदानं परवानगी दिली. "बिनधास्त कर बेटा. लोकांले मी सांगून ठेवतो, कोणी हात लावनार नाई." आणि सप्ताहाच्या मांडवात शिरताच ते सांगायचं साफ विसरले.

निलोफर रोज संध्याकाळी येई आणि नव्या कळ्यांना सुती दोरे बांधी. पहिल्या दिवशीच्या कळीला लाल, दुसऱ्या दिवशीच्या कळीला पिवळा, असं. कोणती कळी किती वयाची, हे दोऱ्याच्या रंगावरून कळावं म्हणून. बांधून झालं की भिंग डोळ्याला लावून वाके. नेमकं हेच तानाबाईंनी पाहिलं आणि काठीवर हनुवटी टेकून त्या विचार करू लागल्या.

"नासिरची पोरगी, नमाजी घरची, अन् बाप्पाच्या झाडाले दोरा बांधून वाकून राह्यली! म्हंजे झाड किती जागृत असन वो!"

त्यांनी तिथल्या तिथे आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, निलोफरच्या लाल दोऱ्याच्या कळीवरच गच्च बांधली आणि म्हणाल्या, "बाप्पा, माहे गुडघे पाह्य." दुसऱ्या सकाळी त्या हूं की चूं न करता पायऱ्या चढल्या. आदल्या रात्री भगवानरावांनी पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतला होता, आणि बाई त्याला धरून चढल्या होत्या. हे मी पाहिलं होतं. पण झाडाला कोण विचारतं?

मग काय मित्रांनो! माझी कीर्ती महागावपर्यंत गेली. सोयाबीनला भाव मिळावा म्हणून सुतळी आली. घरात रेंज यावी म्हणून चार्जरची वायर आली. पोलीस भरतीत पळणाऱ्या संजयनं बुटाची नाडी बांधली. कोणी बुंध्याला हळदकुंकू फासलं, कोणी मुळाशी दूध ओतलं. दुधाला मुंग्या आल्या आणि भाविक म्हणाले, पाहा, मुंग्यासुद्धा दर्शनाला आल्या. आयुष्यभर ज्यांनी मला ओरबाडलं ते आता लांबून हात जोडत होते. खरं सांगते, दोन दिवस मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी गळफासानं कळ्या गळू लागल्या.

काल्याच्या कीर्तनाचा दिवस उजाडला. त्याच सकाळी निलोफरला फुलं तोडायची होती. अंबाडी, भेंडी आणि पऱ्हाटीची फुलं घेऊन ती मधले चार दिवस यवतमाळला गेली होती, आणि ती फुलं कॉलेजच्या फ्रिजात आधीच जाऊन बसली होती. चौघींची तपासणी एकाच दिवशी, एकाच जांभळ्या पाण्यात व्हायची. जिच्या फुलाच्या रसानं पाणी जास्त पिवळं पडेल, तिचा गुण मोठा. यंत्रावर पाळी उद्याची, आणि अंबाडीचा बहर आता सरलेला. आज चुकलं की वर्ष गेलं.

बर्फाचा डबा घेऊन ती आली आणि मला पाहून फाटकातच थांबली. मी नखशिखांत दोऱ्यांत. त्यात तिचे कोणते, ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

"ओढून काढ ना," नासिरभाऊ म्हणाले. "कैची देऊ?"

"नाई अब्बा. लोकाईचे नवस हायेत. मी हात कशी लावू?"

गॅरेजात तेव्हा कीर्तनकार इंदूबाई पंक्चर निघायची वाट पाहत चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, पोरीकडून ते लांबलचक नाव घोकून घेतलं आणि बशी खाली ठेवली.

अहाहा, काय कीर्तन झालं ते! मी पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत, माझ्या पानापानात पेटीचे सूर मुरले आहेत. पण त्या दिवशी निरूपणाला मीच उभी होते.

"माउली, लोखंडाचा गंज लोखंडच सोसतं. पण या फुलाच्या रंगात एक गुण आहे. तो मधे पडतो आणि दुसऱ्याचा गंज आपल्या अंगावर घेतो! असं वागणाऱ्याला आपण काय म्हणतो?"

"संत!" मांडव गरजला.

"आणि त्या संताच्या गळ्यात आपण काय बांधलं? संजयच्या बुटाची नाडी!"

मृदंगवाला हसता हसता ताल चुकला. मग इंदूबाईंनी निलोफरची अडचण सांगितली. सांगायचं विसरलो म्हणून भगवानरावांनी कान धरले. इंदूबाई पुढे म्हणाल्या, "नवस मोडत नाही बाबांनो. झाडानं तो बाप्पाला पोचवला. आता निरोप्याला मोकळं करा. ज्याचं त्यानं सोडा, उरतील ते पोरीचे."

लोक उठले. सुतळी सुटली, वायर सुटली, नाडी सुटली. मला श्वास आला. शेवटी क्लच वायरचा एक वेढा राहिला. तो कोणीच आपला म्हणेना. सगळ्यांच्या माना रस्त्यापलीकडे वळल्या, तर नासिरभाऊ गिऱ्हाईक नसलेल्या गाडीला जोरजोरानं किक मारत होते.

"अब्बा!"

"दोरा नोता जवळ," ते तिकडूनच पुटपुटले, आणि पकड घेऊन आले.

पण तिला हव्या त्या वयाचं, आज उमललेलं लाल दोऱ्याचं एकच फूल वाचलं होतं, आणि त्याच्या देठावर तानाबाईंची चिंधी होती. बाई पायरीवर बसून होत्या, हलल्या नाहीत.

"सोडा ना वो मावशी," संजय म्हणाला.

"तुले काय होते रे? तुहे पाय तरणे हायेत. मी किती सालानं न रडता वर गेली!"

"राहू द्या आजी," निलोफर हळूच म्हणाली. "तुमचे गुडघे बरे राहू द्या. मी पुढच्या साली करीन." आणि तिनं डब्याचं झाकण लावलं.

झाकणाचा तो आवाज मला अजून आठवतो. तानाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग काठी टेकून उठल्या.

"काहून वो पोरी, एवढ्याशा चिंधीपायी साल घालवतं का? माहे गुडघे काय, त्याईले दुखाची सवय हाये. इकडं आण डबा."

त्यांनी चिंधी सोडली. उभा जन्म माझी फुलं देवाला नेणाऱ्या त्या हातांनी ते फूल पाकळीलाही न दुखवता तोडलं आणि बर्फावर ठेवलं. निलोफर यवतमाळच्या गाडीकडे धावली. तानाबाई प्रसादाला वर निघाल्या, आणि दर पायरीला "आई गं, बाप्पा गं" सुरू झालं. कठडा होता तिथेच होता, पण त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

निकाल सांगू? जांभळं पाणी सर्वांत जास्त पिवळं केलं अंबाडीनं. मी दुसरी. आठ दिवस मी फुगून बसले. पण बांधावर उभी राहून लोकांच्या भाजीत जाणारी माझी बहीण जिंकली, यात वाईट काय? निलोफरच्या कामाचं कॉलेजात कौतुक झालं. नासिरभाऊंनी गॅरेजात पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, "ग्रीसचा प्रयोग होता."

मित्रांनो, झाडाला प्रेमानं काही द्यायचंच असेल तर तांब्याभर पाणी द्या. दूध तुम्ही प्या. फुलं तोडा, पण फांदीवर दोन-चार राहू द्या. कोणाला त्यांचं काय काम असेल, सांगता येत नाही. आणि ढाणकीला आलात, बाप्पापुढे हात जोडलेत, तर स्वतःचं मागून झाल्यावर क्षणभर थांबा. तानाबाईंच्या गुडघ्यांची तेवढी आठवण ठेवा.