सुभेदाराची उंची

दुपारी सारं घर चिडीचूप असताना पितळी घंगाळावर ठक् वाजलं. मग पुन्हा एकदा ठक्.

कोकिळेनं झोळीची दोरी हातातच धरून ठेवली आणि श्वास रोखला. तान्हं चुळबुळलं, झोपेतच दोनदा चोखल्यासारखं केलं आणि परत निजलं. घंगाळाआड सुभेदार बसला होता. तिनं आपल्याकडे पाहिलं एवढ्यावरच त्याची शेपटी खूश झाली होती. तिनं बोट उगारलं तसा तो मान टाकून आडवा झाला. घंगाळामागे तो पुरता मावत होता, आणि हेच तर दुःख होतं.

बंजारी कुत्रं म्हणजे कसं, उभ्या माणसाच्या मांडीला त्याची पाठ लागली पाहिजे. केसाळ, लांब पायांचं, रानडुकराच्या मागं लागलं तर त्याला शिवेपार घालवून येणारं. कोकिळेचे सासरे हिंमतराव यांच्याकडे आधी असलं एक कुत्रं होतं, जमादार नावाचं. डोणगावच्या बाजारापर्यंत त्याचं नाव होतं. मागल्या हिवाळ्यात डुकराच्या सुळ्यानं तो गेला. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज बुलढाण्याच्या कचेरीत तीन वर्षांपासून पडून होता, आणि ज्वारी काही परवान्यासाठी थांबत नाही. म्हणून हिंमतरावांनी तांड्याच्या नायकाकडून जमादाराच्याच वंशाचं पिल्लू आणलं आणि मोठ्या आशेनं त्याचं नाव सुभेदार ठेवलं.

नायकानं शब्द दिला होता. गुरांच्या कोठ्याच्या चौकटीवर हिंमतरावांनी कधीकाळी विळ्यानं खाच पाडली होती, जमादाराच्या पाठीइतक्या उंचीवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पिल्लाची पाठ त्या खाचेला लागली तर पिल्लू तुमचं. नाही लागली तर मी वापस नेतो, दुसरं देतो. तांडा दिवाळीआधी अजिंठ्याकडून खानदेशात उतरणार होता. मग सुभेदार कोणत्या गावी कोणाच्या दारात राहिला असता, याचा काही नेम नव्हता.

पोळा चार दिवसांवर आला तरी सुभेदार खाचेच्या बराच खाली होता. शेजारचे इंद्रभान रोज ओट्यावर तंबाखू मळता मळता विचारायचे, की जमादाराच्या जागी सुभेदार आला म्हणजे बढती झाली, मग गडी घटला कसा? याले डुकरापुढं नेऊ नका हिंमतराव, डुक्कर हसून हसून मरंल. हिंमतराव हसत नसत. ते खाचेकडे बघायचे आणि कोठ्यात निघून जायचे.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. अन्नपूर्णाबाईंच्या मते पिल्लू लहान असताना कोणीतरी त्याला ओलांडलं होतं. निजलेल्या जिवावरून पाय टाकला की त्याची वाढ तिथंच थांबते. टाकलाच, तर त्याच वाटेनं उलटा टाकून घ्यावा लागतो. हे त्या सुपारी कातरत सांगायच्या आणि सांगता सांगता त्यांची नजर विमलवर जायची. विमल म्हणजे कोकिळेची थोरली. पाचवं लागलं होतं तिला, पण अंगात अजून अडीच वर्षांच्या पोरीचं झबलं येत होतं. सासूबाई वाईट मनानं बोलत नसत. त्या फक्त सुपारीचं खांड विमलच्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, खात जाय माय, खात जाय.

ते ऐकलं की मग दळताना कोकिळेचा हात जात्याच्या खुंट्यावर जड व्हायचा. पहाटे तांबडं फुटायच्या आत ती उठायची. बाजेच्या आणि जात्याच्या मधल्या चिंचोळ्या जागेत विमल वाकळीवर पसरलेली असायची. पोरीची झोपमोड होऊ नये म्हणून कोकिळा लुगडं वर धरून तिच्यावरून पलीकडं पाय टाकायची. दोन वर्षं तरी असंच चाललं होतं. दळण झालं की ती मागच्या दारानं पाण्याला जायची. उलटा पाय टाकायला परत कोण आलं होतं!

विमलला मात्र औषध सापडलं होतं. सकाळ-संध्याकाळ ती सुभेदाराला अंगणात झोपवायची आणि पाठमोरी होऊन त्याच्यावरून उलटा पाय टाकायची. तो शहाण्यासारखा पडून राहायचा. मग ती त्याला चौकटीपाशी नेऊन उभं करायची आणि दोन्ही हातांनी त्याची पाठ वर ओढायची.

त्या दुपारी झोळी थांबल्यावर कोकिळा गाईला बांधायला कोठ्यात गेली. दावं खुंटीला अडकवताना तिचा हात वर गेला. हीच खुंटी तर कमरेला लागायची. ती थबकली. खाली पाहिलं तर उंबऱ्याच्या दगडाची खालची, कधी न धुतलेली, खडबडीत कड उघडी पडली होती. दरवर्षी वैशाखात कोठ्यातलं खत उकरून शेतात न्यायचं आणि पाऊस लागायच्या आत नवी माती टाकून जमीन चोपून घ्यायची, ही या घरची रीत. यंदा खत गेलं. मातीचं काम कोकिळेचं होतं, आणि ती तेव्हा बाळंतीण होती. कोणाच्या लक्षातच आलं नाही. खाच होती तिथंच होती. खालची जमीन चार बोटं उतरली होती.

सुभेदार तसाही लहानच होता, ते तिला दिसत होतं. पण जेवढा लहान धरला जात होता तेवढा नव्हता. हे मामंजींना सांगायचं तर त्यांच्यापुढं बोलायची पद्धत नव्हती. सासूबाईंना सांगावं तर त्यांनी आधी विचारलं असतं, की तुहं काम राह्यलंच कसं. शेषराव, तिचा नवरा, पिकाच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर राहायला गेलेला. चार दिवसांतून एकदा भाकरी न्यायला यायचा आणि उभ्यानंच परत जायचा.

धाब्याच्या छपरासाठी आणलेल्या पांढऱ्या मातीचा ढीग घरामागं उरला होता. तिनं टोपलं उचललं.

तीन दुपारी ती हेच करत राहिली. घर निजलं की दोन टोपली, कधी तीन. तान्हं रडलं की हात धुऊन धावायचं, पाजायचं, पुन्हा यायचं. चोपणं वापरलं तर आवाजानं सारे उठले असते, म्हणून पाणी शिंपडून पायानंच तुडवायचं. पाठ अशी दुखायची की चौकटीला टेकलं तर डोळे आपोआप मिटायचे. विमलला तो खेळ वाटला. ती मायचा पदर धरून थयथय नाचायची आणि सुभेदार दोघींच्या पायांत घोटाळायचा. सुभेदाराला इथंच राहू देतील का, असं विमल दर टोपल्याला विचारायची. पाहू, असं कोकिळा म्हणायची. आणखी काय म्हणणार?

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या धांदलीत माती टाकायला सवडच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच नायक आला. कपाळावर ऊन येऊ नये अशी पगडी, मनगटाला गुंडाळलेली रिकामी दोरी. ती दोरी बघून विमल कोठ्यातल्या कडब्यामागं गेली. कोकिळा दाराआड तान्ह्याला घेऊन उभी राहिली. तान्हं पीत होतं, एवढंच काय ते तिला उभं राहायला निमित्त.

हिंमतरावांनी सुभेदाराला चौकटीला लावून उभं केलं. पाठीवर तळहात आडवा धरला. नायक उकिडवा बसला, एक डोळा बारीक करून पाहिलं आणि खाचेखाली बोटं लावली.

"दोन बोटं कमी हाय, पाटील." त्यानं दोरी सोडवायला घेतली.

हिंमतराव खाली पाहत होते. वाळत आलेल्या पांढऱ्या मातीत ठसे होते: कुत्र्याचे पंजे, त्यांवर विमलची इवलीशी पावलं, आणि मध्ये मोठ्या पावलाचा ठसा, बोटातल्या जोडव्याच्या गोल खुणेसकट. म्हाताऱ्याची नजर उंबऱ्याच्या उघड्या दगडावर गेली. मग खुंटीवर. मग पुन्हा त्या जोडव्यावर.

"विमल," ते कडब्याकडं पाहून म्हणाले, "तुह्या मायले सांग, अजून दोन टोपले माती लागंल इथी."

नायकानं हिंमतरावांकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं, आणि दोरी परत मनगटाला गुंडाळली. मंग तं पुरा भरला, असं तो म्हणाला. रानासाठी पुढच्या खेपेला दुसरं आणून देतो. याले घरातलाच हुद्दा द्या. ओट्यावरून इंद्रभान काहीतरी बोलले, पण या खेपेला हिंमतरावच आधी हसले.

कोकिळेला आनंद झाला. पण तो घेऊन क्षणभर बसायला वेळ नव्हता. भाकरी व्हायच्या होत्या, नायकाला चहा द्यायचा होता, तान्ह्याचं फडकं ओलं झालं होतं. दुपारी सारे निजल्यावर तिनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि कोठ्यात आली. अंग मोडून आलं होतं, तरी आज पाय जरा कमी जड होते.

सुभेदार उंबऱ्यावर झोपला होता. विमल चौकटीला पाठ लावून, टाचा टेकवून, ताठ उभी होती. तळहात डोक्यावर आडवा, आजोबांनी धरला होता तसा. तो तिथंच ठेवून ती हळूच बाजूला सरकली आणि आपला हात कुठं पोचला ते पाहू लागली.

कोकिळेनं टोपलं खाली ठेवलं. विमलनं मान वर केली.

"माय, मले कोनं ओलांडलं होतं व?"