चकतीवरचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पंप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे विहीर आली असेल, नाहीतर सायकल. मी त्यांतला नाही. मी तळहातावर मावतो, अंगानं निळा आहे, आणि पाठीला पट्ट्यात अडकवायची कडी आहे. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला मला लावतात. माझ्यातून एक नळी निघते, त्याच्या पाठीवरून चढते आणि कॉलरपाशी, नाकाच्या अगदी जवळ थांबते. नळीच्या त्या टोकाला एका डबीत पांढरी चकती बसवलेली असते. माणूस दिवसभर श्वास घेतो, त्याच्या जोडीनं मीही हवा ओढतो. त्याच्या छातीत जाते तीच धूळ चकतीवर साठते. छाती उघडून बघता येत नाही. चकती बघता येते.

म्हणजे ओढायचं मी आणि मिरवायचं तिनं.

मला तिचा हेवा वाटायचा. आत्ताच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

मी नवा होतो तेव्हा असं नव्हतं. खोक्यातून काढल्यावर प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला कानाशी धरलं आणि म्हणाल्या, "किती शांत चालतो, झोपलेल्या बाळासारखा!" ते एक वाक्य मी कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं. पुढे मी रंगाच्या कारखान्यात गेलो, पिठाच्या गिरणीत गेलो, बॅटऱ्यांच्या शेडमध्ये गेलो. अंगावर ओरखडे पडले. कौतुक आटलं.

चकतीचं मात्र कधीच आटलं नाही. तिला बोट लावायचं नाही, चिमट्यानंच उचलायचं. वजन करण्याआधी तिला रात्रभर एका खोलीत निवांत ठेवायचं, म्हणजे तिच्यातला ओलावा एकसारखा होतो. मग काचेच्या पेटीतल्या तराजूवर तिला निजवायचं, पेटीचं दार लावायचं, आणि बाईंनी स्वतःचा श्वाससुद्धा रोखून धरायचा! मी? मी बॅगेच्या तळाशी, स्क्रू ड्रायव्हर आणि फुटक्या बिस्किटांच्या शेजारी. चार्जिंगला लावलं तर लावलं.

एकदा आम्ही दगडाच्या फरश्या कापायच्या शेडमध्ये गेलो. तिथं स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगड कापत, त्यांच्या कडा घासून गोल करत. सगळं कोरडंच. माणसांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. कडा घासणाऱ्या मामांच्या कमरेला मला लावलं. त्यांना सगळे शिट्टीमामा म्हणत, कारण जिना चढताना आणि हसताना त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. घरी दीड वर्षांची नात होती. तिला कडेवर घेऊन दोन मजले चढताना मामांना मधल्या पायरीवर बसावं लागे.

त्यांचा मेहुणा तिथंच फरश्या उचलायचा. मला बघून म्हणाला, "दाजी, कमरेला रेडिओ बांधला का काय? लावा की एखादं गाणं!"

"गाणं कशाला? माझी शिट्टी आहे ना!" मामा म्हणाले आणि हसले. शिट्टी वाजली. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

मालकांनी बाईंना शब्द दिला होता. धूळ मर्यादेपेक्षा जास्त निघाली, तर प्रत्येक यंत्राला पाण्याची नळी लावीन, वर धूळ ओढणारं धुराडं बसवीन. नाही निघाली, तर चाललंय तसं चालू द्यायचं. म्हणजे मामांचं सगळं त्या दिवसाच्या चकतीवर होतं.

बाईंनी डबी कॉलरला लावली. "मामा, जपून हं," एवढंच म्हणाल्या. आणि मालक त्यांना कागद दाखवायला आत घेऊन गेले. चहा झाला, जुनी रजिस्टरं झाली, पुन्हा चहा. एरवी बाई दर तासाला येऊन मला बघतात. त्या दिवशी त्यांना उठूच दिलं नाही.

इकडे मामांनी यंत्र सुरू केलं. धुळीचा लोट उठला. मामांनी मान वाकडी करून कॉलरकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढला, झटकला, आणि अगदी हलक्या हातानं डबीवर बांधला.

"हे काय करताय?" मेहुण्यानं विचारलं.

"अरे, पांढरीशुभ्र दिलीय बाईंनी विश्वासानं. काळी करून परत द्यायची का? आपल्याला काही रीतभात आहे की नाही?"

मित्रांनो, माझा श्वास कोंडला. हवेसाठी मला जोर लावावा लागला. अशा वेळी माझा आवाज घोगरा होतो आणि बाईंना तो लांबूनही ओळखू येतो. पण बाई भिंतीपलीकडे होत्या. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, सांगू? आधी आलं की रुमालसुद्धा तिलाच! माझ्यावर बोटभर धूळ बसलीय, मला कोणी पुसत नाही. आणि मग आलं की बरं झालं. आज ही कोरीच परत जाईल. आज तिच्याजवळ मिरवायला काही नसेल. मला बोलता आलं असतं, तरी त्या दिवशी मी बोललो नसतो.

सुट्टीच्या आधी मामांनी रुमाल सोडला, त्यानंच घाम पुसला आणि खिशात घातला. बाई धावतपळत आल्या तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

काचेच्या पेटीत चकती जवळजवळ पहिल्याइतकीच भरली. बाईंनी तीनदा वजन केलं. मी टेबलाच्या कडेवरून बघत होतो आणि खूश होतो. मग बाई स्वतःशीच म्हणाल्या, "मग मामांची छाती वाजते कशानं?" आणि माझी खुशी कुठल्या कुठे गेली. मी तिच्यावर सूड उगवत होतो आणि धूळ मात्र मामा खात होते.

निकाल सांगायला बाई स्वतः शेडमध्ये गेल्या, मला बॅगेत घेऊन. मालक खुशीत होते. "धूळ मर्यादेत आहे," बाई पडलेल्या आवाजात म्हणाल्या.

मामा पुढे आले. "बघा! मी जपलीच होती तशी. दिवसभर रुमाल बांधून ठेवला होता. डाग पडू दिला नाही."

बाईंनी हात पुढे केला. मामांनी तोच रुमाल काढून दिला. घरी दोनदा धुतला होता, तरी मधोमध डबीएवढं गोल राखाडी वर्तुळ होतं.

"चुकलं का काही?" मामांनी हळूच विचारलं.

"तुमचं नाही, मामा. माझं चुकलं. ती मळण्यासाठीच असते, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. आणि चहाला बसायला नको होतं."

मालक म्हणाले, "एकदा तपासणी झाली ना, बाई? आता परत कशाला?"

"मग निकालाला हा रुमाल जोडून सरकारकडे पाठवू का?" बाई म्हणाल्या.

मालकांनी दुसऱ्या दिवशीची परवानगी दिली.

त्या दिवशी बाई शेडमध्ये उभ्याच राहिल्या. मेहुणा मामांच्या मागं लागला होता, "दाजी, खिशात हात घालाल तर बघा!" आणि मी आयुष्यात कधी ओढली नव्हती इतक्या मनापासून हवा ओढली. संध्याकाळी चकती राखाडी झाली होती. तिच्यावरची धूळ मर्यादेच्या सहापट निघाली.

वजनानंतर तिला कुठं नेतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मखमलीच्या डबीत ठेवत असतील. त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. बाईंनी तिला छोट्या वाटीत ठेवलं आणि भट्टीत सरकवलं. दगडाची धूळ किती घातक आहे हे बघायला चकती जाळावीच लागते. जळत नाही तेवढीच धूळ मागं उरते. प्रत्येक चकतीचं असंच झालं होतं. मी बॅगेत कुरकुरत पडायचो, आणि पलीकडे ती एकेक करून जळायची.

शेडमध्ये आता पाण्याच्या नळ्या आहेत. डोक्यावर धुराडं घोंघावतं. मेहुण्याची छाती तपासली, स्वच्छ आहे. मामांना फरश्या मोजायचं काम दिलं, वेगळ्या खोलीत. त्यांची शिट्टी गेली नाही. गेलेली छाती परत येत नाही, असं बाई सांगतात. नातच आता स्वतःच्या पायांनी जिना चढते आणि मधल्या पायरीवर त्यांच्यासाठी थांबते.

माझी बॅटरी धरेना, म्हणून मला कपाटात ठेवलं. शेजारी नव्या चकत्यांची डबी आहे. मध्यंतरी मामा छाती दाखवायला आले होते. म्हणाले, "बाई, तो माझा रेडिओ कुठाय?" मला हातात घेतलं आणि सवयीनं खिशातून रुमाल काढला. मग थबकले.

"पुसा, मामा," बाई हसून म्हणाल्या. "त्याला चालतं."

आयुष्यात पहिल्यांदा रुमाल माझ्या वाट्याला आला. सगळे ओरखडे, सगळ्या फटी पुसून झाल्या. त्या रुमालाला शेडची धूळ नव्हती. माझीच होती तेवढी, कपाटातली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी धुळीत, धुरात, रसायनांच्या वासात काम करत असेल, तर तपासणीच्या दिवशी त्यांना एवढं सांगा. काही झाकू नका, काही पुसू नका, पाहुणे येणार म्हणून आवरतो तसं आवरू नका. चकतीला मळू द्या. ती तेवढ्यासाठीच आलेली असते. आणि संध्याकाळी ते माणूस घरी आलं, की जिन्यात त्याचा श्वास जरा कान देऊन ऐका.