एर्मिना घरी आली तेव्हा

सरदाराच्या माणसांनी दुपारी माझ्या धाकट्या बहिणीचं डोकं उडवलं आणि संध्याकाळी ती ते दोन्ही हातांत धरून घरी आली. मी शेळीचं दूध काढत होते.

"ताई, पाणी दे," ती म्हणाली.

सरदाराशी लग्न करायला तिने नकार दिला होता. ख्रिस्ताला शब्द दिलाय, एवढंच ती त्याला म्हणाली होती. मी तिच्या ओठांना वाटी लावली. पाणी मानेतून खाली सांडलं आणि सांडलं तिथे झरा फुटला. मग डोकं मांडीवर घेऊन मी तिची वेणी घातली. पूर्वीपेक्षा ते सोपं गेलं.

सकाळी शेजारच्या आंधळ्या वुल्फोने झऱ्यावर डोळे धुतले आणि त्याला दिसू लागलं. सगळे नाचले. एर्मिनाने मला हळूच विचारलं, "आपल्या शेळीचं नाव काय गं?"

नाव तिनेच ठेवलं होतं.

नदीकाठच्या गावांतून माणसं येऊ लागली. लंगडा चालला, तेव्हा ती आमचं नासपतीचं झाड विसरली. तापाने फणफणलेली म्हातारी उठून बसली, तेव्हा आईचा आवाज विसरली. त्याच दिवशी आमची खिडकी भिंतीत मिटली आणि कुडाच्या भिंती दगडाच्या झाल्या. बिशपांकडून आलेल्या लांडो पाद्र्याने त्या दगडावरून हात फिरवला.

"तिला आता घरात स्वस्थ राहू द्या," मी म्हणाले.

"हे घर नाही राहिलं, बाई. देवाचं ठिकाण झालंय." त्याचे डोळे भरून आले होते. माणूस वाईट नव्हता.

शेवटी तिला फक्त मी आठवत होते. लहानपणी मी तिला खांद्यावर घेऊन नदी ओलांडली, तेच ती पुन्हा पुन्हा सांगायची. आणि एक बाई निळं पडलेलं तान्हं बाळ घेऊन आली. मी दारात आडवी उभी राहिले.

"ताई, बाजूला हो," मागून एर्मिना म्हणाली.

"मग तू मलाही ओळखणार नाहीस."

"माहीत आहे."

"तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. मला म्हातारं व्हायचं होतं. तुझ्यासोबत, इथेच, भांडत."

मी बाजूला झाले. बाळ रडलं. लोक गाऊ लागले, भिंती आणखी जवळ आल्या, आणि त्या गर्दीत मला गुडघे टेकण्यापुरतीच जागा उरली.

एर्मिनाने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, अगदी मायेने.

"बाई, तुम्हाला काय हवंय?"

मी ओंजळ पुढे केली.

"मग जरा हे धरता का? हात अवघडलेत."

तिने डोकं माझ्या ओंजळीत ठेवलं, मोकळे हात झटकले आणि गर्दीतून वाट काढत ती नदीकडे चालू लागली. ओंजळीतले डोळे तिला जाताना बघत होते.